अक्कांची पांढरी पाटी

सरोजाक्का मगदूम चिडल्या की डोळ्यांवरचा चष्मा काढायच्या. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचा माणूसही धड दिसत नसे, आणि हेतू तोच असायचा. "तोंड दिसलं की दया येती," त्या म्हणायच्या, "आणि दया आली की मी निम्मंच बोलतो." अक्कांचा हात कानाजवळ गेला की ऑफिसातली माणसं खुर्च्या मागे सरकवत.

अक्का कोल्हापूर जिल्ह्यातल्याच नेसरीच्या. तिकडच्या पुष्कळ बायकांसारख्या त्याही स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलत. प्रकाशाच्या अभ्यासात डॉक्टरेट, मग बरीच वर्षं बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत, घरात निम्मं कानडी. पण त्यांच्या बोलण्याला यातलं काहीही चिकटलं नव्हतं. मी राजारामपुरीत वाढलेली, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. कोल्हापूरची असूनही कुणी मोठ्यानं बोललं की मी दोन पावलं मागे सरते. अक्का मोठ्यानेच बोलत. मोबाइलवर बोलताना तर मोबाइलची गरज काय, असं वाटे.

आमची कंपनी कसबा बावड्यात होती. खाली खताचं दुकान, वर आम्ही. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या मळीचा वास खिडक्या बंद करूनही आत यायचा. आमचं काम मी घरच्यांना जसं समजावलं, तसंच इथे सांगते. साधा कॅमेरा तीन रंग टिपतो: लाल, हिरवा, निळा. हायपरस्पेक्ट्रल नावाचा एक महागडा कॅमेरा असतो, तो त्याच प्रकाशाचे शेकडो बारीक पट्टे वेगळे करून टिपतो. पानाला नत्र कमी पडतंय का, रोग येऊ घातलाय का, हे डोळ्यांना दिसायच्या आधी त्या पट्ट्यांत उमटतं. पण असा कॅमेरा घेऊन प्रत्येक उसाच्या फडात कोण जाणार? म्हणून अक्कांनी एक मॉडेल तयार केलं. एकाच पानाचे दोन फोटो, एक साध्या मोबाइलचा, एक मोठ्या कॅमेऱ्याचा, अशा असंख्य जोड्या त्याला दाखवल्या. हळूहळू ते नुसत्या मोबाइलच्या फोटोवरून बाकीचे पट्टे सांगायला शिकलं. पुढे त्याचं ॲप झालं.

प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक पांढरी पाटी ठेवावी लागे. तळहाताएवढी, पांढरी, अगदी साधी दिसणारी. ऊन असो, ढग असो, त्या वेळच्या उजेडात पांढरं म्हणजे काय हे ती पाटी सांगते आणि मग ॲप बाकीचे रंग त्यावरून लावून घेतं. बोटाचं तेल लागलं तरी तिचं पांढरेपण बिघडतं. मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी मी ती दोन्ही हातांनी पंगतीतल्या ताटासारखी उचलली.

अक्कांचा चष्मा खाली आला.

"जेवायला बसलीस काय गं? कडेला धर, कडेला! परत पाटीला बोट लागलं तर हात कलम करीन. कुठनं आणलाय हा इंग्लिश मिडियम?"

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कीबोर्डवर कागदात गुंडाळलेला करदंटाचा, त्या डिंक-सुकामेव्याच्या मिठाईचा, एक तुकडा होता. अक्का समोरच बसल्या होत्या, मान वर न करता. मी "थँक यू" म्हणाले. "कशाबद्दल?" त्या खेकसल्या. माफी मागण्याची त्यांची ही एवढीच रीत. दोन वर्षांत मी पुष्कळ करदंट खाल्लं.

मॉडेल त्यांचं स्वतःचं, आणि त्यावर सगळ्यात कमी विश्वास त्यांचाच. कुणी कौतुक केलं की त्या म्हणत, "ह्ये बघितलेलं न्हाय, वाटलेलं हाय. लई चांगलं वाटलेलं हाय. पर वाटलेलंच." हे वाक्य त्यांनी पाहुण्यांसमोर उच्चारलं की आमचे मालक रणजित सर हसून विषय बदलत. सर माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनीच मोठे असतील. कधी कुणाला अरे म्हणाले नाहीत, आवाज चढवला नाही. मला सुरुवातीला ते फार आवडायचे. हळू आवाजात बोलणारी माणसं चांगली असतात, असं मला तेव्हा वाटायचं.

मोठा कॅमेरा कंपनीचा नव्हता. भाड्याने आणलेला, आणि करार संपत आला होता. सरांना तो परत पाठवायचा होता. मॉडेल शिकून झालंय, आता त्याचं काय काम? अक्कांना तो हवाच होता. सहा महिने ऑफिसात दुसरा विषय नव्हता.

एकदा डबे उघडलेले असताना दादासो चौगुले आले. ते आमचे सर्व्हेचे प्रमुख. पन्नाशीचे, कागलकडचे, कडक टोपी घालणारे. गावोगाव फिरून फोटो घेणारी माणसं त्यांच्याच हाताखाली होती. त्यांनी सहज विचारलं, "अक्का, मॉडेल शिकलंय म्हंता, मग त्यो कॅमेरा कशाला पायजे?"

"तांबड्या रश्श्याचा नुसता फोटो बघून त्यात मीठ किती हाय, सांगशील का दादासो?"

"सांगतो की. जल्म गेला रस्सा वरपण्यात."

"वरपलास म्हणून सांगतोस. आता वरपायचं बंद कर. दहा वर्षांनी भटारी बदलला, मिरची बदलली, मीठ बदललं. मग सांगशील?"

दादासोंनी मिश्या पुसल्या. "पर अक्का, तुमी तर शाकाहारी. तुमी कवा चाखलाय रस्सा?"

"न्हाय चाखला. म्हणून मी सांगिटलेल्या मिठावर इस्वास ठेवू नगंस. त्यो कॅमेरा गेला की हे मॉडेलबी माझ्यासारखंच. न चाखता मीठ सांगणारं."

सगळे हसले. सरही हसले, आणि कॅमेऱ्याच्या मालकांना पाठवायची ईमेल त्यांनी त्याच दुपारी माझ्याकडून लिहून घेतली.

ॲप तोवर कागल भागात पुष्कळ शेतकऱ्यांच्या हातात गेलं होतं. आमची माणसं फोटो घ्यायची, ॲप सल्ला द्यायचं, शेतकरी तसं वागायचे. एका दुपारी त्यातलाच एक शेतकरी जिना चढून वर आला. इस्त्रीचे कपडे, हातात बुलेटची किल्ली. दुसऱ्या हातातला वाकडा ऊस त्याने सरांच्या काचेच्या टेबलावर आडवा ठेवला.

"मालक तुमीच न्हवं? तुमच्या ॲपनं सांगिटलं, ऊस उपाशी हाय. मी युरिया घातला. परत बघिटलं, परत उपाशी. परत घातला. आता समदा फड झोपलाय. मऊ पडलाय नुसता. तुमचं मशीन आंधळं हाय काय, पावणं?"

"काका, आधी बसा ना," सर म्हणाले. "वादळी वारं झालं की ऊस लोळतोच. हवामानाचा भाग—"

अक्कांनी चष्मा काढला होता. मला वाटलं, आता हा शेतकरी संपला. पण त्या सरांकडे वळल्या होत्या.

"गाडी काढायला सांगा. कॅमेरा अजून हाय तवर त्येला बघू दे."

आम्ही त्याच दुपारी त्याच्या फडावर गेलो. ऊस खरंच झोपला होता; बाहेरून चार पावलं आत जाता येत नव्हतं. कडेला थोडा उभा होता. तिथे अक्कांनी तिपाई रोवली आणि मोठ्या कॅमेऱ्यातून पानं पाहिली. पानं उपाशी नव्हती. नत्र जरुरीपेक्षा कितीतरी जास्त झालं होतं, म्हणूनच ऊस मऊ पडून झोपला होता. मग मी पाटी ठेवून मोबाइलने फोटो काढला, ॲपवर टाकला. ॲपही म्हणालं, नत्र भरपूर.

म्हणजे आम्ही फोटो काढला तर बरोबर, आणि आमच्या सर्व्हेवाल्यांनी काढला तर चूक.

मी लॅपटॉपवर त्या शेताचे जुने फोटो उघडले. कोपऱ्यात पांढरं काहीतरी होतं, पण पाटीपेक्षा मोठं. अक्कांनी चष्मा घालून नाक पडद्याला लावलं. "मोठं कर." मी मोठं केलं. मधोमध घडी दिसली, कडेला शिवण.

"टोपी हाय ही," शेतकरी मागून म्हणाला.

शेजारच्या गावाचे फोटो उघडले. टोपी. त्याच्या पुढच्या गावात कुठे टोपी, कुठे रुमाल. ॲप कोपऱ्यातलं पांढरं आपणहून शोधायचं, त्यामुळे फोटो कुणी उघडून पाहायचा प्रश्नच नव्हता. अक्कांनी आणखी दोन गावं उघडायला लावली. मग म्हणाल्या, "एवढे फोटो. आणि आपल्यातल्या एकानंबी ते डोळ्यानं बघितलं न्हाईत."

दादासोंचं घर जवळच होतं. त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, चहा टाकला. अक्कांनी सर्व्हेसाठी दिलेली पाटी कुठे आहे विचारलं. दादासोंनी हसत देव्हाऱ्याकडे बोट केलं. तिथे देवांच्या बाजूला, नव्या खणाच्या तुकड्यात गुंडाळून पाटी ठेवली होती. वर हळदीकुंकवाचा ठिपका होता. खणाला लावलेला, पाटीला नाही. तेवढी काळजी त्यांनी घेतली होती.

"तुमी म्हनलासा, बोट लागलं तर हात कलम करीन. आमचं हात शेतातलं, अक्का. म्हटलं, ऱ्हाऊ दे जपून. समद्या पोरांस्नी तसंच शिकिवलंय. पाटी घरात ठेवा, फोटोला टोपी लावा. टोपी न्हाय त्येनं रुमाल."

"आणि टोपी पांढरी असती व्हय?"

"पांढरीफट्ट! बघा की." त्यांनी डोक्यावरची टोपी बोटानं दाखवली.

वहिनी कपबशा घेऊन दारात उभ्या होत्या. अभिमानाने म्हणाल्या, "रोज निळीत घालतो मी. न्हायतर पिवळी पडती की हो."

निळीतलं कापड डोळ्याला जास्त पांढरं दिसतं, पण त्यात निळा रंग असतोच. ॲपला तेच पांढरं वाटलं. मग त्याने सगळ्या फोटोतला निळेपणा कमी केला, आणि हिरवंगार पान पिवळसर झालं. पिवळं पान म्हणजे उपाशी पान. उपाशी पानाला युरिया. चूक त्या घराच्या मोरीतून निघून उसाच्या मुळापर्यंत गेली होती.

दादासोंचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता अक्का चष्मा काढणार. त्यांनी तो उलट नीट डोळ्यांवर बसवला आणि दादासोंकडे पाहिलं. "चूक तुमची न्हाय. मी वरडलो, म्हणून पाटी देवात जाऊन बसली."

एवढंच. 

दुसऱ्या दिवशी अक्कांनी सरांना टोपीचं, देव्हाऱ्याचं सांगितलं, फक्त कुणाचं नाव घेतलं नाही. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ग्रेट कॅच, अक्का. मग सोपंय. टोपीवाल्या फोटोंना थोडा निळा रंग परत घालू. सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होईल."

"कुणाच्या टोपीत किती नीळ हाय, ते सॉफ्टवेअरला कोन सांगणार? प्रत्येकाची बायको वेगळी, बादली वेगळी. आणि आज टोपी सापडली. का सापडली? कॅमेरा होता म्हणून. उद्या दुसरं कायतरी असंल, ते कशानं सापडणार? कॅमेरा ठेवा. आणि ज्यांनी युरिया घातला त्यास्नी जाऊन सांगा."

"बी प्रॅक्टिकल, अक्का," सर म्हणाले. "हंगाम तोंडावर आहे. आत्ता असं काही सांगितलं तर लोकांचा टेक्नॉलॉजीवरचा विश्वास जाईल."

हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा आठवलं आहे. माणसाच्या फडातला ऊस लोळतो, तेव्हा जातो तो काय असतो?

आठ-दहा दिवसांत कारखान्यांच्या संचालकांसाठी ॲपचा कार्यक्रम होता. एका हॉलमध्ये, फेटे बांधून. त्या दिवशी करार व्हायचे होते. टेबलावर उसाची ताजी पानं ठेवली होती, सर पडद्यासमोर उभे होते. "आता महागड्या कॅमेऱ्याची गरजच उरली नाही," ते म्हणाले. टाळ्या पडत असतानाच अक्का उठल्या. त्यांचा चष्मा डोळ्यांवर होता. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. इतक्या चिडलेल्या आणि सगळ्यांचे चेहरे बघत असलेल्या.

"एकच पान," त्या म्हणाल्या. "दोन फोटो काढतो. एक ह्या पाटीसंगं. दुसऱ्याला कुणाची तरी टोपी पायजे."

पहिल्या रांगेत सगळे फेटे. शेवटच्या रांगेत दादासो होते. अक्कांनी तिकडे मुद्दाम पाहिलं नाही; त्यांचं नाव त्यांनी सरांनाही सांगितलं नव्हतं. तरी दादासो उठले. आमच्याकडे त्यांच्या वयाचा माणूस चारचौघांत उघड्या डोक्याने उभा राहत नाही. ते टोपी काढून, ती दोन्ही हातांत धरून, सगळ्या हॉलमधून चालत पुढे आले आणि पानाशेजारी ठेवली.

पाटीसोबतच्या फोटोला ॲप म्हणालं, पीक निरोगी. टोपीसोबतच्या फोटोला म्हणालं, नत्राची कमतरता, त्वरित खत द्या. दोन्ही उत्तरं पडद्यावर शेजारी शेजारी, हिरव्या आणि लाल चौकटीत.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग एक संचालक खुर्चीतून ओरडले, "म्हंजे युरिया आमी टोपीला घातला व्हय रं!"

हॉल हसून हसून फुटला. आणि मी तिथे बसून वाट पाहत होते की हे हसणं आता थांबेल, कुणीतरी उठून विचारेल, कुणाच्या शेतात घातलात, किती जणांच्या. हसणं थांबलं. कुणी विचारलं नाही. सरही हसत होते, सगळ्यांत छान. "हीच तर ग्राउंड रिॲलिटीची गंमत," ते माइकवर म्हणाले. "यासाठीच आमची टीम दिवसरात्र राबते. अक्कांसाठी एकदा जोरदार टाळ्या!" टाळ्या पडल्या. नंतर जेवण झालं. जेवणानंतर करार झाले.

त्याच आठवड्यात कॅमेरा गेला. सरांनी अक्कांना आधीच कळवलं होतं की त्यांनी आता कामावर येऊ नये, तरी तो न्यायला टेंपो आला तेव्हा त्या खाली रस्त्यावर हजर होत्या, आणि पेटी उचलणाऱ्या हमालावर ओरडत होत्या, "आडवी न्हाय, उभी! भिंग हाय आत, बटाटं न्हाईत!" टेंपो वळेपर्यंत त्या खताच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. पांढरी पाटी त्यांच्या पिशवीत होती. ती त्यांची स्वतःची होती, बेंगळुरूहून आणलेली.

सर आता कुठे कुठे भाषणं देतात. टोपीचा किस्सा त्यात असतो, ऐन मधोमध, झोपलेल्यांना जागं करायला. त्यांच्या गोष्टीत एक अडाणी शेतकरी असतो. तो पाटीची पूजा करतो आणि टोपी ठेवतो, आणि कंपनीचं ॲप ती चूक पकडतं. ॲप! अक्का त्या गोष्टीत नाहीत. झोपलेला फडही नाही. मी हे भाषण एकदा मोबाइलवर शेवटपर्यंत ऐकलं आणि राजीनाम्याची दोन ओळींची ईमेल पाठवली. हळू आवाजाच्या माणसांबद्दलचं माझं मत तेवढ्यापुरतं बदललं आहे.

त्यानंतर अक्का एकदाच दिसल्या. मी निपाणीला मावशीकडे निघाले होते. कागलच्या पुढे रस्त्याच्या कामामुळे एसटी थांबली होती. शेजारी लागून उसाचा फड होता आणि त्याच्या बांधावर अक्का. गळ्यात कुठल्याशा कॉलेजातून मागून आणलेलं असावं असं जुनं यंत्र. मोठा कॅमेरा एका नजरेत अख्खं शेत पाहायचा, हे एका वेळी एकच पान पाहतं. भोवती पाचसहा शेतकरी मोबाइल काढून उभे होते. बुलेटची किल्ली बोटात फिरवणारा तोही होता. अक्कांचा चष्मा हातात होता आणि त्या कुणाला तरी फैलावर घेत होत्या. काचेतूनही ऐकू आलं.

"ॲप म्हणतंय म्हणून? त्येला वाटलं म्हणून तू घातलास? आधी पान आण हिकडं!"

त्यांच्या शेजारी दादासो उभे होते. डोक्यावर टोपी नव्हती. उन्हात कपाळाचा वरचा भाग खालच्या चेहऱ्यापेक्षा गोरा दिसत होता. त्यांनी पाटी दोन्ही हातांनी धरली होती, आणि त्यांचे दोन्ही अंगठे सरळ तिच्या पांढऱ्यावर आले होते.

मी काचेला नाक लावलं. अक्कांनी चष्मा घातला. त्यांना ते दिसलं. त्या समोरच्या शेतकऱ्याला झाडतच होत्या, आवाज तसूभर खाली आला नाही. आणि बोलता बोलता त्यांनी मोकळा हात पुढे केला, दादासोंचा एक अंगठा उचलून पाटीच्या कडेला लावला, मग दुसरा.